टाकळीचा एक पंख

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८६० साली अँड्र्यू मरे यांची काही पानांची एक टिपणी छापून आली. विषय होता नागपूरजवळच्या दगडात सापडलेले कीटक. नागपूरच्या वायव्येला असलेल्या टाकळी गावाजवळच्या थरांतून निघालेले भुंगेऱ्यांचे पंख मरे यांनी तपासले आणि त्यांना शास्त्रीय नावं दिली. एक नाव लोमाटस हिस्लोपी, दुसरं मेरिस्टॉस हंटेरी. आपल्या भागातल्या, कायमच्या नष्ट झालेल्या भुंगेऱ्याचं रीतसर नामकरण व्हायची ही अगदी सुरुवातीची वेळ. त्याला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. विदर्भातल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमधून ही दोन नावं मुलांच्या कानावर पडत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. पुढची प्रकरणं त्या खंतीतूनच लिहिली गेली आहेत.

सौसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांसाठी लिहिताना सुरुवात नागपूरच्या टाकळीपासून का, असं कोणी विचारेल. कारण दगडाला राज्याची सीमा कळत नाही. १८६० मध्ये तर ती सीमाही नव्हती. सौसर, पांढुर्णा, काटोल, सावनेर हा सगळा मुलूख त्याआधी भोसल्यांच्याच राज्यातला होता. १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर एका राज्यात गेलं आणि छिंदवाडा दुसऱ्या. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. पण नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानं सावनेर सोडून पुढे आलं, किंवा रेल्वेनं काटोल-नरखेड ओलांडून पांढुर्ण्याला उतरलं, तरी बोली तीच, कापूस-संत्र्याची शेती तीच आणि काळ्या मातीखालचा दगडही तोच राहतो. त्या दगडाच्या घड्यांत काय दडलंय, ते टाकळीनं आधी दाखवलं, एवढाच फरक.

ते दाखवणारी दोन माणसं होती. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी म्हणून नागपुरास आला, आणि त्याच कामासाठी दोनेक वर्षांनी रॉबर्ट हंटर. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचं नेमलेलं काम. पण दोघांचीही नजर चालताना पायाखाली असायची. टाकळीजवळच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातले शंख मिळाले, मग फळं, बिया, लाकूड, आणि मग किड्यांचे पंख. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर दोघांचा मोठा लेख त्याच त्रैमासिकात छापला गेला. हिस्लॉपनं गोंड लोकांची गाणी आणि कथाही उतरवून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याची गोंडांविषयीची कागदपत्रं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. हंटर प्रकृतीमुळे आधीच मायदेशी परतला होता. पुढे त्यानं इंग्रजीचा एक प्रचंड कोश रचला. ज्याच्या नावानं नागपूरचा एक भुंगेरा ओळखला जातो, त्यानं उरलेलं आयुष्य शब्दांचे अर्थ लावण्यात घालवलं, हे मला फार शोभून दिसतं.

दोघांचा आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. टाकळीचे दगड फोडणारे, खाणीतून तुकडे वेचून आणणारे हात स्थानिक माणसांचेही असणार. त्यांतल्या कोणाचं नाव त्या शास्त्रीय नावांत नाही, आणि टाकळीचंही नाही. नावाचे नियम असं नाव द्यायला मुळीच आड येत नाहीत. गावावरून, नदीवरून, शोधणाऱ्यावरून, कशावरूनही नाव ठेवता येतं. पुढच्या नावांच्या बाबतीत हे आपल्या हातात आहे.

आता दगडाकडे वळू. सौसर तालुक्यात दोन फार वेगळे दगड शेजारी-शेजारी आहेत. एक मॅंगेनीजचा पट्टा. सीतापार, कच्चीढाणा, गोवारी वढोणा इथल्या खाणी त्यातल्या. हे दगड पृथ्वीवर प्राणी दिसू लागण्याच्याही आधीचे. मूळचा गाळ दाबानं आणि उष्णतेनं पार बदलून गेलेला. भूशास्त्रात या सगळ्या थरांच्या समूहाला सौसरचंच नाव आहे. जगात कुठेही मध्य भारताच्या मॅंगेनीजवर लिहायचं झालं, तर आपल्या तालुक्याचं नाव घ्यावंच लागतं. पण तिथे भुंगेरा शोधायला जाऊ नये. त्या काळात भुंगेराच नव्हता.

दुसरा दगड दख्खनचा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. पांढुर्ण्याच्या शेतांतली काळी माती यापासूनच झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले. लाव्हात काही जिवंत राहत नाही, हे खरं. पण एक लोंढा थंड झाल्यावर दुसरा यायला कधी कधी फार मोठा काळ जाई. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साठे, तळं होई, काठावर झाडं वाढत, पाण्यात शंख-शिंपले आणि नेचे, झाडांवर किडे. तळ्याच्या गाळात हे सगळं पडत राही. मग पुढचा लोंढा येऊन त्या गाळावर झाकण बसवी. दोन लाव्हांमधला हा गाळाचा थर जाडीला अनेकदा माणसाच्या उंचीइतकाही नसतो. पण बेसाल्टच्या झिजेतून पाण्यात उतरलेली सिलिका त्यात मुरते आणि गाळाची गार होते. हाताला गुळगुळीत, फोडली तर धारदार कपच्या निघणारी, शेतकरी बांधावर फेकून देतो तीच. तिच्या चकत्या पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या की फळाच्या पेशीसुद्धा मोजता येतात.

अशा थरांचं सर्वांत गाजलेलं गाव छिंदवाड्याच्या पूर्वेचं मोहगाव कलां. १९३० च्या दशकात के. पी. रोडे यांनी तिथले नमुने गोळा केले, आणि बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये तिथल्या एका फळाला एनिग्मोकार्पन परिजाई हे नाव दिलं. नंतर रोडे यांच्या नावानं एका पाणनेच्याचं नाव रोडेइटीस पडलं. नागपूरच्या श्यामला चितळे यांनी या दगडांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुरावनस्पतींचा विभाग सांभाळला. इथे एक सूचना. हे मोहगाव म्हणजे सौसर तालुक्यातलं मोहगाव हवेली नव्हे. दोन्ही नावं ऐकून गोंधळ होतो. एखाद्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं मोहगाव लिहिलं असेल तर तो नमुना दोन वेगळ्या भूभागांपैकी नेमका कुठला, हे सांगता येणार नाही, आणि मग त्याच्यावर उभं केलेलं नावही डळमळतं.

आता पंखाकडे. जगात आजवर नाव मिळालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी जवळपास एक चतुर्थांश भुंगेरे आहेत. जवळजवळ चार लाख जाती. हुमणीचा भुंगेरा, शेणकिडा, धान्यातले सोंडे, काजवा, सगळे याच गणातले. त्या सर्वांची खूण एकच: पंखांची पुढची जोडी उडण्यासाठी नसते. ती कठीण होऊन ढालीसारखी पाठीवर बसते, आणि तिच्याखाली उडायचे नाजूक पंख घडी करून ठेवलेले असतात. किडा मेला, तळ्यात पडला, कुजला, तरी ही ढाल सहसा शेवटपर्यंत टिकते. म्हणून टाकळीच्या दगडात पाय नाहीत, मिशा नाहीत, डोळे नाहीत. ढाल आहे.

एका ढालीवरून किती सांगता येतं? पुष्कळ, आणि तरी पुरेसं नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण, टोकाचा निमुळतेपणा, खांद्याजवळचा फुगवटा, पाठीवरच्या बारीक खळग्यांच्या ओळी, त्या ओळी किती आणि कुठे एकमेकींत मिसळतात, कडेची पट्टी कशी वळते, हे सगळं मोजता येतं. लोमाटस हिस्लोपी हा या पुराव्यावर बुप्रेस्टिडी कुळात बसवला गेला. आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर चकचकीत हिरवे किडे दिसतात, मुलं ते काड्यापेटीत ठेवायची, त्यांना कोणी सोनकिडा म्हणतं, कोणी सोनपाखरू. ते याच कुळातले. कूळ कळलं की दगडातला तो पंख एकटा राहत नाही. या कुळातल्या बहुतेकांच्या अळ्या झाडाच्या सालीखाली किंवा लाकडात वाढतात. म्हणजे टाकळीच्या तळ्याकाठी लाकूड होतं, आणि ते पोखरणारं कोणी होतं. त्याच थरातलं दगड झालेलं लाकूड मग वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. त्यात पोखरलेल्या नळ्या आहेत का? असल्या तर किती रुंद, भुशानं भरलेल्या की रिकाम्या? वर्गीकरण म्हणजे कप्प्यात टाकून मोकळं होणं, असा समज असेल तर तो इथे गळून पडतो. एका कुळाच्या नावानं शोधायच्या गोष्टींची यादीच हातात येते.

पण कुळाच्या खाली उतरायचं म्हटलं की पंख दमतो. वेगवेगळ्या कुळांतल्या भुंगेऱ्यांचे पंख कधी कधी एकमेकांसारखे होतात. सारखं राहणीमान, सारखा आकार. जिवंत किड्याच्या बाबतीत मिशांचे सांधे, पायांची पेरं, पोटाची वळी, नराच्या जननेंद्रियाची रचना पाहून तज्ज्ञ निर्णय देतात. दगडातल्या एका पंखात यातलं काहीच नाही. त्यामुळे असं नाव वाचताना त्याच्यामागे किती पुरावा आहे, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. मरे यांनी जे पाहिलं त्यावर नाव दिलं. जे पाहिलं नाही त्यावर आज आपण काही रचू नये.

प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह हेच शिस्तीत बांधतो. नावांची गणना कार्ल लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. १९३० नंतरच्या नावासोबत ही जात इतरांपासून वेगळी कशी, ते शब्दांत सांगावं लागतं. १९९९ नंतर जातीचं नाव देताना तो एक नेमका नमुना स्पष्टपणे नेमावाच लागतो, ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं. त्याला मूळ नमुना म्हणतात. तो कुठे ठेवला आहे, तेही नोंदवायचं असतं. उद्या कोणी म्हणालं, ही जात अमुक प्रजातीची, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दानं दाखवलेल्या गटाची, नसून तमुकची, तर तो मूळ नमुना पुन्हा उघडून पाहिला जातो. जात एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत गेली, तर नाव देणाऱ्याचं आडनाव कंसात जातं. जातीचा शब्द टिकतो, प्रजातीचा बदलतो. भुंगेऱ्यांच्या यादीत असे कंस सगळीकडे दिसतात. प्रत्येक कंस म्हणजे कोणीतरी नमुना पुन्हा पाहिल्याची खूण.

आणि पहिलं नाव ते खरं, हा प्राधान्याचा नियम. याचा आपल्या तालुक्याला बसलेला धक्का सांगायलाच हवा. तो भुंगेऱ्याचा नाही, खनिजाचा आहे, पण न्याय तोच. भारतीय भूसर्वेक्षणाचे एल. एल. फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्य भारतातल्या मॅंगेनीजचा कसून अभ्यास केला. त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये आला. गोंड लोकांवरून एका खडकाचं नाव त्यांनी गोंडाइट ठेवलं, जे आजही चालतं. सौसरजवळच्या सीतापार खाणीत त्यांना एक काळसर खनिज वेगळं वाटलं. त्याचं नाव त्यांनी सीतापाराइट ठेवलं. एका लहानशा गावाचं नाव जगाच्या खनिजयादीत गेलं. पुढे स्फटिकांची रचना आणि रासायनिक घटक बारकाईनं तपासले गेले, तेव्हा कळलं की हे खनिज अमेरिकेतल्या युटामध्ये सापडलेल्या बिक्सबाइटपासून वेगळं नाही. ते नाव १८९७ पासून चालत होतं. म्हणून सीतापाराइट हे नाव मागे पडलं, आणि आता फक्त समानार्थी नावांच्या रकान्यात दिसतं.

सीतापारच्या माणसाला हे ऐकून वाईट वाटेल. मलाही वाटतं. तरी हा नियम मोडावा असं वाटत नाही. फर्मोर यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, वर्णन प्रामाणिक होतं. त्या काळच्या साधनांत दोन नमुने शेजारी ठेवून तुलना झाली नव्हती, इतकंच. आणि एकच वस्तू दोन नावांनी जगभर फिरत राहिली, तर युटाचं संशोधन सीतापारला कधी पोचणार नाही आणि सीतापारचं युटाला. सौसर समूह हे नाव मात्र टिकलं, कारण तसे थर, त्या क्रमानं, आधी कोणी दुसरीकडे नोंदवलेले नव्हते. टिकणारं नाव कोणतं आणि विरणारं कोणतं, हे एकाच तालुक्यात दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतं. असं भाग्य फार थोड्या गावांचं असतं.

वनस्पतींच्या जीवाश्मांची रीत थोडी निराळी. तिथे सुट्या अवयवांना वेगवेगळी नावं देण्याची मुभा आहे, कारण खोड, पान, फूल, फळ एकत्र क्वचितच सापडतात. मोहगाव कलांच्या फळाला साहनींनी नाव दिल्यावर दहाएक वर्षांनी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ला यांनी त्याच दगडातल्या एका फुलाचं वर्णन साहनीअँथस परिजाई या नावानं केलं. नंतरच्या अभ्यासात हे फूल आणि ते फळ एकाच झाडाचं असल्याचं पुढे आलं. प्राण्यांमध्ये ही मुभा नाही. टाकळीचा पंख आणि उद्या दुसरीकडे मिळालेलं त्याच जातीचं डोकं यांना मिळून एकच नाव चालतं, आधीचं.

बाहेरच्या जगातली दोन अलीकडची नावं इथे घेतो, कारण त्यांतून आपल्याला काम करता येण्यासारखं काही आहे. पहिलं अमेरिकेतल्या कोलोराडोतलं. तिथल्या ग्रीन रिव्हर थरात, सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांच्या दगडात, पसरलेल्या पंखांसह एक भुंगेरा १९९५ मध्ये मिळाला. पंखांवरचे गोल ठिपके अजून दिसतात. डेन्व्हरच्या संग्रहालयात तो लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला म्हणून काचेमागे मांडलेला होता, हजारो लोकांनी पाहिला. पण फ्रँक क्रेल आणि फ्रान्सेस्को व्हिटाली यांनी मागचे पाय नीट पाहिले. ते आखूड, जाड आणि वेगळ्या कोनात वळलेले होते. हा पानं खाणाऱ्या, बेडकासारख्या मांड्यांच्या भुंगेऱ्यांच्या गटातला निघाला. २०२१ मध्ये डेव्हिड अॅटनबरो यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव पुल्क्रिट्यूडो अॅटनबरोई ठेवलं गेलं. नमुना नवा नव्हता. वीसेक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. नव्या जाती डोंगरात जितक्या सापडतात तितक्याच संग्रहालयाच्या कपाटांतही सापडतात, हे मी आपल्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांना उद्देशून लिहितो आहे. तिथल्या जुन्या ट्रेंमध्ये पडलेले चिठ्ठ्यांसकटचे दगड कृपा करून टाकून देऊ नका.

दुसरं नाव पोलंडमधलं, त्याच वर्षीचं. ट्रायसिक काळातल्या, दगड झालेल्या एका शेणाच्या तुकड्यात भुंगेरे होते. पायांसह, मिशांसह. तुकडा फोडला नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधून क्ष-किरणांनी आतून पाहिला गेला. त्यातून ट्रायामिक्सा कॉप्रोलिथिका हे नाव आलं आणि त्यासाठी नवं कूळही करावं लागलं. हे वाचल्यावर विदर्भातल्या माणसाला पिसदुरा आठवलंच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या या गावी डायनोसॉरच्या काळातल्या शेणाचे दगड शेतात विखुरलेले मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि गवताचा इतिहास मागे सरकला. तेच दगड कीटकांसाठी, न फोडता, तशा साधनांनी पाहायला हवेत. हे काम नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर थांबून आहे.

पुस्तकात पुढे टाकळीचे थर, भुंगेऱ्यांच्या पंखांची मोजमापं, नावाचे नियम आणि कुळांची ओळख सविस्तर येईल. आकृत्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या आहेत, शेतावर नेऊन ताडून पाहता याव्यात म्हणून. सौसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला त्याआधी एवढंच सांगायचं आहे. विहीर खणताना, बंधाऱ्याचा पाया घेताना किंवा रस्त्याच्या कापात काळ्या पत्थराच्या दोन थरांमध्ये पांढरट, राखी किंवा तांबूस गारेचा पट्टा दिसला, तर थांबा. त्यातला तुकडा उचलण्याआधी शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा. वरचा थर कोणता, खालचा कोणता, जमिनीपासून किती खोल, हे लिहा. गावाचं नाव पुऱ्या तपशिलानं लिहा, तालुका आणि शेताचा खसरा क्रमांकासकट. विहीर असेल तर तिच्या मालकाला विचारूनच. शंख दिसला तर तो गाळ गोड्या पाण्याचा असण्याची शक्यता मोठी, आणि तिथेच पंख मिळण्याची आशा असते. चकाकणारा, बोटाच्या नखाहून लहान, कडेला रेघ असलेला तुकडा दिसला तर तो घासू नका, पाण्यानं धुऊ नका, तेल लावू नका. मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवा, चिठ्ठी डबीच्या आत ठेवा, आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूसर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.